बगळेसाहेब वाटेत आहेत

एका जंगलात एक गुऱ्हाळ होते. जंगलात ऊस कुठून आला, असे विचारू नका मुलांनो. गुऱ्हाळाचे मालक अस्वलशेठ यांना गोड आवडायचे, एवढे पुरे.

तिथे सोनकी नावाची वानरीण कामाला होती. मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटायचा आणि वर मळी धरायची. ती झाऱ्याने काढून टाकणे हे सोनकीचे काम. तिच्या पोटाला पिटुक नावाचे पिल्लू लटकलेले असे. पिटुकची शेपटी लांब आणि अक्कल आखूड. त्यामुळे सोनकीचा एक डोळा मळीवर आणि दुसरा शेपटीवर.

आता अशा पिल्लांसाठी जंगलात कायदा होता. ज्याच्याकडे लेकुरवाळ्या कामाला, त्याने पाळणाघर बांधलेच पाहिजे.

अस्वलशेठ काही कायदा मोडणारे नव्हते. त्यांनी छान टुमदार पाळणाघर बांधले. आत पाळणा टांगला, खुळखुळा ठेवला, भिंतीवर हसरा चांदोबा रंगवून घेतला. मग दाराला कुलूप लावले आणि किल्ली व्यवस्थापक सरड्याच्या गळ्यात अडकवली.

"सरडेसाहेब, पिटुकला आत निजवू का?" सोनकीने विचारले.

"वेड लागलंय का? खराब होईल ना सगळं!"

"पण पिल्लांसाठीच आहे ना ते?"

"कायदा म्हणतो, पाळणाघर असावं. आहे! त्यात पिल्लू असावं असं कुठे म्हणतो?"

हसू नका. तुमच्या घरी नाही का, फुलाफुलांचे कप पाहुण्यांसाठी कपाटात बसतात आणि तुम्ही कानतुटक्या कपातून दूध पिता? तसेच हे.

एक दिवस व्हायचे ते झालेच. शेपटीचे टोक काहिलीत गेले. पिटुक असा किंचाळला की बैल चरकाभोवती फिरायचे थांबले. सोनकीने ते टोक गार पाण्यात धरले. आज शेपटी, उद्या सबंध पिल्लू. तिला दुसरे काही सुचेना.

ती अस्वलशेठकडे गेली. "मालक, ते कुलूप कधी उघडायचं?"

"बगळेसाहेब तपासणीला आले की उघडू. तोवर त्याला शेपटी आवरायला सांग."

"मी त्याला लेखी समज देतो," सरडा तत्परतेने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकी धापा टाकत आली.

"मालक! बगळेसाहेब! नाल्यापलीकडे एका पायावर उभे आहेत!"

गुऱ्हाळात धावपळ उडाली. कुलूप निघाले. "पाळणा रिकामा दिसता कामा नये!" अस्वलशेठ ओरडले. "पिल्लू घाला त्यात, पिल्लू!"

सोनकीने घातले. पिटुक चांदोबाकडे बघत बघत झोपला. बगळेसाहेब काही आले नाहीत.

"वाट चुकले वाटतं," सोनकी म्हणाली. "उद्या येतील."

दुसऱ्या दिवशी ते ओढ्याकाठी दिसले. तिसऱ्या दिवशी पिंपळाखाली. मग खारीला दिसू लागले, सशिणीला दिसू लागले. ज्या ज्या बाईला पिल्लू होते, तिची नजर एकदम तीक्ष्ण झाली. पाळणाघर भरून गेले. प्यायच्या पाण्याचा माठसुद्धा रोज भरला जाऊ लागला.

सरड्याला आधी संशय आला, मग राग आला. त्याने रंग बदलला आणि अस्वलशेठच्या कानात सगळे सांगितले.

अस्वलशेठनी सोनकीला सगळ्यांसमोर उभे केले. "मालकाशी खोटं बोलतेस? उद्यापासून कामावर यायचं नाही. पिल्लं बाहेर काढा! कुलूप लावा!"

काम गेले तर खायचे काय, आणि दुसऱ्या गुऱ्हाळात तरी काहील थंड थोडीच असते? सोनकीने पिटुकला उचलायला हात पुढे केले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "तपासणी!"

पांढरेशुभ्र बगळेसाहेब एका पायावर उभे होते. अगदी खरे.

साहेबांनी पाळणाघरात मान घातली. आत खारीचे पोर पडद्याला लोंबकळत होते. सशिणीच्या पोरांनी चांदोबाची एक भुवई चाटून काढली होती.

"छे, छे!" साहेब म्हणाले. "लिहून घ्या. पाळण्यात पिल्लू आढळले. चादर ओली. खुळखुळा चघळलेला. अहो शेठ, बाकीच्यांची पाळणाघरं बघा कशी आहेत! पाळण्याचं वेष्टनसुद्धा निघालेलं नाही. इथे सांभाळायला मावशी का नाही?"

"ठेवतो, साहेब. आजच ठेवतो."

"मी परत येईन. केव्हा, ते सांगणार नाही."

साहेब उडून गेले. अस्वलशेठ कितीतरी वेळ आकाशाकडे बघत राहिले. मग हळूच सोनकीकडे वळले. आवाजात एकदम मध उतरला होता.

"सोनकीताई, ते येणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं हो?"

सोनकीने पिटुकच्या शेपटीवरून हात फिरवला. "मालक, आईला कळतं."

त्या दिवसापासून गुऱ्हाळात एक नवे पद निघाले. सोनकीने काहिलीपासून लांब, सावलीत बसायचे. रोज सकाळी साहेब येणार की नाही तेवढे सांगायचे. तिच्या नेमणुकीचा कागद सरड्याने स्वतः आणून दिला. येताना त्याचा रंग काय होता, ते तुम्हीच ठरवा.

बगळेसाहेब त्यानंतर आजतागायत आलेले नाहीत. तळ्यात मासे फार झालेत म्हणे. सोनकी मात्र रोज सकाळी नाल्याकडे बघते, विचार केल्यासारखे करते आणि सांगते, "आज येणार."

मग कुलूप निघते.

तात्पर्य : खोटे कधीमधी बोलणे वाईट, पकडले जाते. बोलायचेच तर रोज आणि वेळेवर बोलावे. कायदा आला नाही तरी चालते, तो वाटेत आहे एवढे मालकाच्या कानावर पडत राहिले पाहिजे. आणि मुलांनो, फुलाफुलांच्या कपातून दूध प्यायचे असेल, तर उद्या सकाळी आईला सांगा, पाहुणे नाक्यापर्यंत आलेत.