हळद, मिरची, खोबरं आणि विमलअक्का

विमलअक्कांच्या दुकानात कुणी काही पाठवायला आलं, की अक्का आधी डोळे मिटतात. काय काम आहे ते नंतर विचारतात. मिटल्या डोळ्यांनीच म्हणतात, "बोल रे भाऊ. मी आंधयी शे."

पहूरच्या बसस्टँडामागे त्यांचं 'ऑनलाइन'चं दुकान. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, बाई खरंच आंधळी आहे. मी हळहळलो, आणि दारातलं स्टूल उचलून त्यांच्या हाताशी नेऊन ठेवलं. तर त्या डोळे मिटलेल्याच ओरडल्या, "माले काय करनं स्टूल? मी खुर्चीवर बसेल शे ना!"

मी किनवटकडचा. आठवीतून शाळा सुटली, तिथून जे निघालो ते इथे केळीच्या पॅकिंगला येऊन थांबलो. इथल्या माणसांनी मला खाऊ घातलं, जागा दिली, त्यामुळे मी कुणालाच पटकन 'नाही' म्हणू शकत नाही. त्यातून भित्रा. पाठ दुखायला लागली तेव्हा आधी महिनाभर भिण्यातच घालवला. मग जळगावला जाऊन गुपचूप एमआरआय काढला. मुकादमाला कळलं असतं, तर क्रेट उचलायला दुसरा माणूस आला असता आणि मी किनवटच्या गाडीत बसलो असतो.

रिपोर्ट आमच्या किनवटच्या डॉक्टरांना दाखवायचा होता. ते लहानपणापासून माझं शरीर ओळखतात. पण पेनड्राइव्हवरची फाईल एवढी मोठी, की फोनवरून जाईना. खोलीतला सोबती मोठ्या प्रेमाने म्हणाला, "दे इकडे, आपल्या पॅकिंगच्या ग्रुपवर टाकून बघतो, जाते का." ग्रुपमध्ये मुकादम! मी पेनड्राइव्ह मुठीत धरून पळालो, तो थेट अक्कांकडे.

"वजन किती शे?" अक्कांनी विचारलं.

"माझं? त्रेपन्न."

"तुझं नाही रे, फाईलचं!"

मग त्यांनी एकच डोळा किलकिला केला. फाईल केवढी आहे तेवढं पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्यांचं म्हणणं, पिशवी किती जड ते हमालाने बघावं, आत काय ते बघू नये. फाईलला त्या गाठोडं म्हणतात आणि पासवर्डला गाठ. गाठोडं इंटरनेटने जाणार, गाठ फोनवरून जाणार. दोघांना एका वाटेने पाठवायचं नाही. तीन वेळा गाठ चुकली की गाठोडं आपोआप बंद. आणि आठवड्यात कुणी उघडलं नाही तर "शिळं झालं, फेका."

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी बाहेर काढलं. दारात एक बकरी उभी होती, तिलाही हाकललं.

मी म्हटलं, "अक्का, ती मुकी आहे."

"ती मुकी शे. तिचा मालक मुका शे का?"

गाठ बांधताना त्या नेहमी किराणा वापरतात. म्हणजे भिंतीपलीकडे कुणी ऐकलं तरी त्याला वाटावं, बाई सामान मागवते आहे. किनवटच्या दवाखान्यात फोन लावून त्या बाजारातल्या आवाजात म्हणाल्या, "लिहा. हळद, मिरची, खोबरं."

पलीकडे कंपाउंडर होता. तो म्हणाला, "किती किलो?"

"किलो नाही हो! इंग्रजीत लिहा, एकाला एक चिकटवून. बठ्ठं लहान शे."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "उघडत नाही."

"पुन्हा लिहा. बठ्ठं लहान शे!"

"तेच लिहिलं. चूक म्हणतंय."

दोन संधी गेल्या. माझ्या पाठीतून कळ निघाली आणि डोळ्यांसमोर किनवटची गाडी आली. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. त्यांचं 'बठ्ठं' म्हणजे सगळं, हे मला इथे राहून ठाऊक झालेलं. पण किनवटच्या माणसाला कसं कळावं? मी फोन हिसकावला. "भाऊ, खोबऱ्याच्या पुढे काय लिहिलंत?"

"बाईंनी सांगितलं तेच. बठ्ठं लहान शे."

"ते खोडा! अक्षरं लहान काढा, एवढंच म्हणतात त्या!"

गाठोडं उघडलं. अक्का डोळे मिटून इतक्या हसल्या की खुर्ची करकरली.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. ऑपरेशन नको, थोडे दिवस जड उचलू नको. मी मुकादमाकडून केळी धुण्याच्या हौदावर काम मागून घेतलं. गर्मीचं कारण सांगितलं, त्याने मानलं. त्यानंतर मी दिसलो की अक्का एकच विचारायच्या, "कोनले समजनं नही ना?"

"नाही अक्का. कुणालाच नाही."

असं विचारत विचारत एका दुपारी त्यांनी मला बसवून घेतलं. दाराची फळी लावली. "माझ्या मनीषाचा दवाखान्याचा रिपोर्ट मीच दिला होता एका दुकानात, पाठवायला. डॉक्टरच्या आधी गावाने वाचला. ठरलेलं लग्न मोडलं." मनीषा साक्रीकडे आश्रमशाळेत शिकवते. आईच्या फोनला 'हो' आणि 'बरं', त्यापुढे काही नाही. "तोंडाने सांगता आलं नाही ते लिहून तिच्यासाठी एक गाठोडं बांधेल शे. कधीचं. बटण दाबवत नाही. तुझं पोहोचलं ना, मग तूच दाब. पण डोळे मिटून."

मी डोळे मिटले. बोट भलतीकडेच जात होतं. एकदा कॅल्क्युलेटरवर पडलं, एकदा चहाच्या कपात. शेवटी अक्कांनी माझं बोट धरून नेलं.

मग त्यांनी फोन लावला. "मनीषा, लिहून घे. भाकर, गूळ, तूप. बठ्ठं लहान शे."

मला धसका बसला. समजावून सांगायला तोंड उघडलं, तर अक्कांनी माझं बोट दाबलं.

पलीकडून काही विचारणं झालं नाही. नुसती टकटक ऐकू आली. मग एक बारीक आवाज, "आई..."

मी विचारलं, "अक्का, उघडू का डोळे?"

"नको रे भाऊ. थांब जरा," त्या म्हणाल्या, आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

मी अजून थोडा वेळ आंधळाच राहिलो.