बाबांनी बांधलेलं अंडं

बावीस वर्षं! बावीस वर्षांत बाबांनी बांधलेल्या खोक्यातला एक पेला जरी फुटला असेल तर शपथ! काचसामानाच्या कारखान्यात ते पॅकिंग खात्याचे सुपरवायझर होते, आणि ही गोष्ट ते जेवताना, दाढी करताना आणि समोरच्याने विचारलेली नसतानासुद्धा सांगत.

"तिसऱ्या मजल्यावरून फेका माझं खोकं! आतल्या काचेला कळायचंसुद्धा नाही!"

अशा माणसाला शाळेच्या पालकसभेत बोलावणं हीच मुळात चूक होती. तिथे समुपदेशक बाईंनी सांगितलं, की दहावीतल्या मुलांचा फार अभ्यास घेऊ नका, फक्त त्यांच्या पाठीशी उभे राहा. बाबांनी ते वहीत टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून लेक अभ्यासाला बसली, की तिच्या खुर्चीमागे खरोखरच उभे राहायला लागले.

"बाबा, मानेवर श्वास येतोय तुमचा!"

"येऊ दे. आधार म्हणतात त्याला!"

लेक दात-ओठ खायची. सहामाहीत विज्ञानात ती आठ गुणांनी आपटली होती. आता वर्षभरातल्या प्रयोगाचे वीस गुण हाती लागले तरच पुढच्या वर्षी विज्ञान शाखा मिळणार होती, आणि तिला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. प्रयोग असा, की कच्चं अंडं अशा खोक्यात बांधायचं की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली टाकलं तरी फुटता कामा नये.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवटी शिक्षण खात्याला अक्कल आली होती!

"दे इकडे! दहा मिनिटांचं काम!"

"हात लावायचा नाही," लेक म्हणाली. "माझं मी करणार."

आठ दिवस ती करत होती. जुने मोजे, भांडी घासायचा नवा स्पंज, रबरबँड, आणि वर दोरीची सुरगाठ. बाबा येता-जाता ते खोकं बघायचे आणि त्यांचा पारा चढायचा. मोजे! पॅकिंग सुपरवायझरच्या घरात अंडं मोज्यात! कारखान्यात कळलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. आणि सुरगाठ म्हणजे तर कहरच. एक टोक ओढलं की सगळं मोकळं! अशा गाठीने कुणी बुटाची नाडीसुद्धा बांधू नये.

"अहो, तिचं तिला करू द्या," आई म्हणाली.

"मी कुठे काय करतोय?" बाबा चिडून म्हणाले, आणि तेव्हाच त्यांच्या मनात ठरलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी लेक आंघोळीला गेली. बाबांनी न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज ऐकला आणि कामाला लागले. मोजे बाहेर! अंड्याभोवती बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद, त्यावर फोम, त्यावर पुठ्ठा, परत फोम, कोपऱ्यांना संरक्षक पट्ट्या, मग चिकटपट्टीचे चार वेढे आणि सगळ्यात वर कारखान्यातून आणलेली प्लास्टिकची पट्टी, तिथल्याच हातयंत्राने ताणून, धातूची क्लिप ठोकून. शेवटी 'नाजूक' अशी लाल चिठ्ठी. खोकं लेकीच्या कापडी पिशवीत परत ठेवलं आणि कारखान्यात गेले ते शीळ घालतच.

साडेअकराला शाळेतून फोन आला.

"तुमच्या मुलीचं खोकं उघडत नाहीये," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

"नाहीच उघडणार!" बाबा अभिमानाने ओरडले. "अंडं फुटलंय का?"

"ते कळायला आधी उघडावं लागेल ना! दोन कात्र्या मोडल्या. शिपायाच्या बोटाला लागलं. आता सुतारकामाच्या वर्गातली करवत आणलीय."

"करवत! खबरदार! मी येतोय!"

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांच्या कामावर करवत! हत्यारांची पेटी उचलून ते तडक शाळेत पोहोचले. पटांगणात अख्खा वर्ग गोल करून उभा होता, मधल्या टेबलावर ते खोकं, आणि शेजारी लेक. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर बाबा तिथूनच मागे फिरले असते. पण बाबांनी खोक्याकडे बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता!

"बघा, मुलांनो," त्यांनी सुरुवात केली. "ही क्लिप. हिच्यावर दोनशे किलो ताण बसतो..."

"तुम्ही फक्त उघडा," बाई म्हणाल्या.

बाबांनी उघडायला घेतलं. आणि खरं सांगायचं तर उघडणं हे काम त्यांनी बावीस वर्षांत कधी केलंच नव्हतं! माल बांधायचा, गाडीत चढवायचा, संपलं. उघडताना गिऱ्हाईक रडतं की ओरडतं, ते कुणी पाहिलंय? घामाघूम होऊन, दोनदा स्वतःच्याच अंगठ्यावर पक्कड आपटून, पंचवीस मिनिटांनी बाबांनी अखेर अंडं बाहेर काढलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत आणि शाबूत!

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी अंडं उंच धरलं.

"वीसपैकी वीस!" ते म्हणाले.

"शून्य," बाई म्हणाल्या.

"काय?"

"नियम चार. खोकं विद्यार्थ्याने दोन मिनिटांत उघडून अंडं वाटीत ठेवायचं. इथे सव्वा तास झाला. आणि नियम एक, काम विद्यार्थ्याचं हवं. तुम्ही नियमांचा कागद वाचला होता का?"

"कागद गेला खड्ड्यात!" बाबा गरजले. "अंडं शाबूत आहे की नाही? अहो, मी बांधलेली वस्तू आजपर्यंत फुटलेली नाही! आणि तुम्ही मला शून्य देता? मला?" आणि रागाच्या भरात त्यांनी मूठ आवळली.

त्याच मुठीत अंडं होतं.

बलक मनगटावरून ओघळला, बाहीत शिरला आणि उरलेला बाईंच्या गुणपत्रकावर सांडला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा वर्ग हसायला लागला. लेक तेवढी हसली नाही.

"तुम्हाला नाही, बाबा," ती म्हणाली. ती रडत नव्हती, संतापली होती. "शून्य मला मिळालंय!"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"सात अंडी फुटली माझी! सात! आठवं वाचलं. दोरी कशी ओढली की पटकन सुटते, ते वीस वेळा करून बघितलं मी. तुम्ही एकदा तरी विचारलंत, की ही गाठ का मारलीस? रोज मागे उभे राहता आणि बघत काहीच नाही! मला येणारच नाही असं तुम्ही आधीच ठरवून टाकलंय!"

बाबांना चिकट हात कुठे पुसावा, हेसुद्धा सुचेना. पोरीवर चिडावं, तर ती बोलली त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कुणाचाच येत नाही. शेवटी ते बाईंकडे वळले.

"चूक माझी आहे," ते पुटपुटले. "तिला परत करू द्या. पाहिजे तर मला शून्य द्या."

"तुम्हाला ते दिलेलंच आहे," बाई गुणपत्रक झटकत म्हणाल्या. "परवा तिने परत करावं. एकाच अटीवर. तुम्ही शाळेच्या आसपास दिसायचं नाही!"

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! शर्ट तुमचा तुम्ही धुवा."

लेक दोन दिवस बाबांशी एक अक्षर बोलली नाही. बाबाही फुगूनच होते. बाईंवर, नियम चारवर आणि जगातल्या यच्चयावत कोंबड्यांवर त्यांचा राग होता. पण खोक्याच्या दिशेने त्यांनी पाहिलं नाही. प्रयोगाच्या दिवशी सकाळी लेक आंघोळीला गेली तेव्हा हात फारच शिवशिवायला लागले, म्हणून ते चक्क अर्धा तास आधीच कामावर निघून गेले. तिथून आईला अकरा फोन केले. बाराव्याला आईने फोन बंद करून ठेवला.

संध्याकाळी लेक आली आणि तिने एक कागद बाबांसमोर आपटला. वीसपैकी सतरा! खोकं बारा सेकंदांत उघडलं होतं. अंड्याला केसाएवढा तडा गेला होता, त्याचे तीन गुण कापले होते.

"तडा?" बाबा उसळले. "कोपऱ्याला नुसती एक पट्टी..."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. बाबा पाणी प्यायले.

"छान," ते म्हणाले. "गाठ... गाठ चांगली होती."

"खाली सही करा," लेक म्हणाली. "पालकांची लागते."

सहीच्या वर एक रकाना होता : 'पालकांनी प्रयोगात केलेली मदत.' त्यापुढे लेकीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'बाबा दिवसभर कामावर होते.'

बाबांनी ते तीनदा वाचलं. कान तापले, मिशी थरथरली, वाद घालायला त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"काय?" लेक म्हणाली. "खोटं आहे का यात काही?"

बाबांनी दात-ओठ खात पेन मागितलं.