लेखरामभाऊंची कंबर

लेखरामभाऊ टेंभरेंना डास चावला तरी अख्ख्या दवनीवाड्याला कळायचं. "आता मी काही वाचत नाही जी," असं ते अंगणातून ओरडत. एकदा बोटात तुरीची काडी घुसली, तर त्यांनी थेट सासुरवाडीला निरोप धाडला होता. आणि हे माझे शेजारी वीज खात्यात लाईनमन. खांबावर चढून गावाला उजेड देणारा माणूस!

एका मे महिन्यात घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना ते स्वतःच्याच छपरावरून पडले. उभी हयात खांबावर काढली आणि पडले कुठून, तर घरावरून. धप्पकन आवाज आला तसा मी धावलो. आता बोंब गोंदियापर्यंत जाणार, अशी माझी तयारी होती. भाऊ फुटक्या कवेलूंत कंबर धरून बसले होते, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणाले, "या गुरुजी, चहा घेता का?" मी गारच पडलो.

त्यानंतर कंबरेबद्दल एक अक्षर नाही. डास, मिरची, ऊन, सरपंच यांचं रडगाणं मात्र पूर्ववत सुरू. मला वाटलं, भाऊ बरे झाले.

वर्षभरानं एका दुपारी ते घरी आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ऑफिसातलं हलकं काम मिळावं म्हणून गुपचूप अर्ज केला होता, आणि आता गोंदियाच्या दवाखान्यात तपासणीचं बोलावणं आलं होतं. गोंदिया नवा जिल्हा झाल्यानं भंडाऱ्याची खेप वाचली, हेसुद्धा त्यांनी कुरकुरतच सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "डावा पाय बधिर होते जी. खांबावर पाय कुठं टेकला, मले समजत नाही."

वर तारा आणि पायाचा पत्ता नाही! घरात वहिनींना का सांगितलं नाही, म्हणून मी ओरडलोच त्यांच्यावर.

"शिडी हिनं धरली होती," भाऊ म्हणाले. "चुलीवर दूध उतू जाऊन राहिलं होतं, म्हणून आत गेली, अन् शिडी सरकली. मी दुखते म्हणलो, तं ती जलमभर सोताले खात राहील. कायले सांगू?"

मग आमची तालीम सुरू झाली. मी डॉक्टर, ते रोगी. कुठं दुखतं, असं विचारलं की खुर्ची टोचते, पंखा कुरकुरतो, चहात साखर कमी, असं सगळं सांगत. कंबर आली की तोंडाला कुलूप. फारच दटावलं तेव्हा "एका माणसाची कंबर दुखते," इथवर मजल गेली. मी कपाळाला हात लावला.

तपासणीच्या सकाळी बसथांब्यावर पाहतो तर काय, भाऊ नवरदेव! केस काळे केलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बसमध्ये ताठ बसता यावं म्हणून दुखण्यावरची गोळीसुद्धा घेतलेली. दुखणं दाखवायला निघालेला माणूस दुखणं मारून निघाला होता. शेजारी वहिनी उभ्या. त्यांना ही दरसालची तपासणी म्हणून सांगितलं होतं, आणि त्या बांगड्या भरायच्या म्हणून बरोबर निघाल्या होत्या. आत बोलावलं की हिला चहाला न्या, असं भाऊ माझ्या कानात पुटपुटले.

दवाखान्यात मी वहिनींना चहाचं विचारून पाहिलं. त्या नको म्हणाल्या आणि सरळ आमच्यामागोमाग आत शिरल्या.

डॉक्टरांनी वाकायला सांगितलं. गोळीच्या जोरावर भाऊ वाकले. दुखतं का, असं विचारल्यावर त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही जी. फस्क्लास."

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. उद्यापासून हा माणूस पुन्हा खांबावर, आणि परवा कदाचित आम्ही त्याला खांद्यावर आणणार. मी तोंड उघडणार, तोच वहिनी बोलल्या.

"लिहू नका साहेब. हे खोटं बोलून राहिले. भिंत धरल्याबिगर यायले उठता येत नाही. डाव्या पायातली चप्पल रस्त्यात निघून जाते, यायले समजत नाही. किती खेपा मीच मागून उचलून आणली." मग म्हणाल्या, "शिडी मीनं सोडली होती. ते मले बोल लागू नये म्हणून चूप, म्हणून मीही चूप राहिली."

एकाच घरात, एकाच ताटाशी बसून, वर्षभर दोघांनी हे सोसलं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दुखतं का, असं पुन्हा विचारलं.

भाऊंनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. ते वहिनींकडे वळले आणि इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"लय दुखते वं," ते म्हणाले. "लय दुखते."