डॉक्टरांच्या बोटीचं नाक

डॉक्टरांनी पेशंटला "आ करा" म्हटलं आणि नेहमीप्रमाणे त्यांना त्या उघड्या तोंडात तलाव दिसायला लागला. सकाळचा, धुक्यातला, अंगावर एक सुरकुती नसलेला. त्यावरून त्यांची बोट संथ निघाली होती. मागे इंजिनाशी ते स्वतः, शेजारी बायको, बायकोच्या हातात चहाचा कप, आणि कपातला चहा जागचा हलत नव्हता. हे अर्थात स्वप्न. प्रत्यक्षात वेग घेताना ती बोट असं काही नाक वर करायची, की समोर तलावाऐवजी आभाळच दिसायचं. दंतवैद्याला नाकाचा आजार कळायचा नाही, हे ओघानंच आलं.

गेल्या रविवारी तर कहर झाला. डॉक्टरांनी इंजिनाला जरा जोर दिला, बोटीनं नाक वर केलं आणि पुढच्या फळीवरचा उघडा थर्मास घरंगळत येऊन थेट बायकोच्या मांडीवर रिकामा झाला. चहा निवलेला होता, एवढंच नशीब. घरी कपडे भिजत घालताना ती शांतपणे म्हणाली, "अजून एकदा येईन. पुन्हा असं झालं तर बोट कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला देऊन टाका. तो कधीचा मागतोय."

घरात दोघांचं बोलणं म्हणजे दूध आणलं का आणि किल्ली कुठे ठेवली. पाण्यावर मात्र ती गुणगुणायची. सूर धड नसायचा, शब्द तर नसायचेच, पण डॉक्टर आठवडाभर त्या गुणगुणण्याची वाट बघायचे. ते औषधवाल्याला देऊन टाकणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

त्यावर उपाय सापडला, त्याचं नाव हायड्रोफॉइल. बोटीच्या मागे लटकणाऱ्या इंजिनाला पाण्याखाली एक सपाट पट्टी असते, तिला प्लॅस्टिकचे काळे पंख जोडायचे. पाणी त्या पंखांना उचलतं, शेपूट वर येते, नाक खाली जातं. निदान खोक्यावर तसं छापलं होतं. तरी डॉक्टरांनी चार लोकांची मतं घ्यायची ठरवली. ती त्यांनी दवाखान्यात घेतली, पेशंटच्या तोंडात आरसा आणि ड्रिल असताना. "पंखांनी नाक खाली येईल ना हो?" डॉक्टर विचारायचे आणि पेशंट "आ" म्हणायचा. तीन दिवसांत अकरा जणांनी आ म्हटलं. डॉक्टरांनी अकरा होकार धरले.

बारावा बोटीच्या इंजिनांचा मिस्त्री निघाला. त्यानं आधी चूळ भरली आणि मग सावकाश सांगितलं की पंखांचा कधी उपयोग होतो, कधी होत नाही, काही बोटी तर वळताना उलट हट्टीपणा करतात. शिवाय पट्टीला चार भोकं पाडावी लागतात. "आधी वजन कुठं आहे ते बघा डॉक्टर. तुम्ही दोघं मागं, टाकी मागं, हत्यारांची पेटी मागं. ती बिचारी नाक वर नाही करणार तर काय करेल?" फुकटच्या उपायावर डॉक्टरांचा मुळीच विश्वास नव्हता. त्यांनी मिस्त्रीला पुन्हा आ करायला सांगितलं.

शनिवारी दुपारी डॉक्टर ड्रिल घेऊन इंजिनासमोर बसले आणि त्यांचा हात थांबला. तीस वर्षांत त्यांनी हजारो दाढा कोरल्या होत्या, पण त्या किडलेल्या. ही पट्टी धडधाकट होती. धडधाकट वस्तूला भोक पाडणं त्यांच्या मनाला पटेना. मग कायमचा दात बसवण्याआधी तात्पुरता बसवून बघतात, तसं करायचं ठरलं. त्यांनी दवाखान्यातून तात्पुरतं सिमेंट आणलं, पट्टी कापसानं पुसली, फुंकर मारून वाळवली, पंख चिकटवले आणि पाच मिनिटं दाबून धरले. उठताना सवयीनं म्हणाले, "चोवीस तास कडक काही चावायचं नाही." इंजिनानं ते ऐकून घेतलं.

रविवारी बायको थर्मास घेऊन आली आणि नेहमीची जागा सोडून पुढच्या फळीवर जाऊन बसली, तलावाकडे पाठ करून.

"अगं, इकडे ये ना, माझ्या शेजारी."

"नको. चहा जिथे पोचतो तिथे गेल्या वेळी बसले होते. आज निघतो तिथे बसते."

डॉक्टरांनी जीव मुठीत धरून वेग वाढवला. बोटीनं नाक किंचित उचललं, क्षणभर विचार केला आणि अलगद खाली टेकवलं. मग ती निघाली ती थेट दवाखान्यातल्या स्वप्नात शिरल्यासारखी. धुकं दोन्ही बाजूंना सरकत होतं. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. बायकोनं कप भरला, मांडीवर धरला, आणि चहा हलला नाही. डॉक्टर इंजिनाच्या घरघरीपेक्षा आवाज चढवून तिला पंखांचं शास्त्र समजावत राहिले. तिनं एकदा त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती गुणगुणायला लागली.

"बघितलंस ना?" डॉक्टर म्हणाले.

"बघितलं," ती म्हणाली.

तासाभरानं परत आले तेव्हा धक्क्यावरचा रखवालदार हातात काहीतरी काळं, ओलं धरून उभा होता. "डॉक्टर, हे तुमचंच ना? तुम्ही निघालात आणि मागं हे वर आलं. हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू गेल्या नसतील."

ते पंखच होते, कडेला पांढऱ्या सिमेंटसकट. डॉक्टरांना मिस्त्री आठवला. टाकी मागेच होती, पेटी मागेच होती, ते स्वतःही मागेच होते. नेहमीपेक्षा एकच गोष्ट पुढे गेली होती, आणि ती आता शेजारी उभी राहून चपला घालत होती.

"स्पेअर असेल," डॉक्टर पुटपुटले.

"स्पेअर कसलं? निघाल्या निघाल्या सुटून वाहत गेलं, मी बघितलं ना. सांगणार होते, पण तुम्ही इतके खूश होता. म्हटलं राहू दे." तिनं चपलेचा पट्टा ओढला. "मग बोट सरळ चालली कशानं हो? मी पुढे बसले म्हणून?"

डॉक्टरांना उत्तर माहीत होतं. उत्तरात एक शब्द होता, आणि तो शब्द बायकोसमोर उच्चारायचा नसतो, हे त्यांना अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"आ," एवढंच बाहेर आलं.

बायकोनं त्यांच्याच पद्धतीप्रमाणे तो होकार धरला. "मग पुढच्या रविवारीही पुढेच बसेन. औषधवाल्याला सांगा, बोट द्यायची नाही." रिकामा थर्मास तिनं त्यांच्या हातात दिला आणि ती गुणगुणत पुढे चालायला लागली. डॉक्टर एका हातात थर्मास आणि दुसऱ्यात पंख घेऊन, आ मिटायचा विसरून, तिच्या मागून निघाले.