आंब्याखालची माती

मातीचा अहवाल वाचून समाधानने ओट्यावरूनच हाक मारली, “आबा, लॉटरी लागली! आपल्या मातीत स्फुरद भरपूर हाय!”

भिमाजींना आनंद व्हायला हवा होता. मखमलाबादच्या त्यांच्या चुनखडी जमिनीत स्फुरद म्हणजे रुसलेला जावई. घरात असतो, कामाला येत नाही. कितीही खत घाला, चुना त्याला धरून बसतो आणि शेवंती खुरटते. पण भिमाजींचं तोंड उतरलं. शेतात नागमोडी फिरून दहा जागची माती घ्या, असं त्यांना बजावलं होतं. त्यांनी सगळी माती कोपऱ्यातल्या नव्या आंब्याखालून उचलली होती. हल्ली त्यांचे पाय दुसरीकडे वळतच नसत.

त्या आंब्याखाली त्यांची बायको होती. “गोदावरीत गर्दी लय. मला शेवंतीपाशीच ठेवा,” असं नवसाबाई सांगून गेल्या होत्या. भावकीनं नावं ठेवू नयेत म्हणून बापलेकांनी रामकुंडात नुसतं मडकं बुडवलं आणि अस्थी, राख गुपचूप शेतात पुरली. आता हाडांचा स्फुरद कागदावर उतरला होता, आणि सगळी माती तिथूनच उचलली हे पोराला सांगायची भिमाजींना लाज वाटली.

समाधानने ओझरला कामावर जाता जाता गावभर बातमी केली. आबांना आंब्याखाली खणताना चौघांनी पाहिलं होतंच. भिमाजी फुलं विकून परतले, तोवर लोकांनी विरजणासारखी तिथली माती घमेल्यांनी नेली होती. आंब्याखाली नुसता खड्डा उरला होता. भिमाजी घमेलं घेऊन बांधाकडे धावले.

सगळ्यात जास्त माती शेजारच्या लंकाबाईंनी नेली होती. बांधावरून झालेल्या भांडणानंतर त्या आणि नवसाबाई नऊ वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

“लंकाबाई, माती परत द्या.”

“दोन घमेल्यांचं काय एवढं, भाऊजी? शेवंतीला टाकली बी.”

“त्यात नवसा हाय.”

भिमाजींनी सगळं सांगितलं. लंकाबाई मटकन खाली बसल्या. “मेलीला किती निरोप धाडले! हळदीकुंकवालाबी आली नाय,” म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

भिमाजी वाकून माती घमेल्यात भरू लागले. लंकाबाईंनी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, भाऊजी. आत्ता कुठं आलीय.”

भिमाजींनी घमेलं बाजूला ठेवलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ते ढसाढसा रडले.