सदर बालिकेच्या बारशाची पत्रिका

कोणतंही शुभकार्य हाती घेण्याआधी साधनांची तुलना झाली पाहिजे. तुलना पुरेशी सखोल झाली, की कार्याची घाई आपोआप कमी होते.

आमच्या झाशीत हे तत्त्व सुभाषचंद्र पिंपळखऱ्यांइतकं कुणी पाळलं नाही. एका सरकारी अभियांत्रिकी कंपनीच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. (त्यांनी एक पायपुसणं घ्यायला चौदा महिने लावले होते, पण पायपुसणं अजून टिकून आहे.) गेल्या माघात त्यांना नात झाली. बारशाची पत्रिका घरीच, संगणकावर, व्हेक्टर पद्धतीने करायची ठरली. व्हेक्टर म्हणजे चित्र कितीही मोठं केलं तरी त्याच्या कडा फाटत नाहीत.

"बावीस माणसं यायची आहेत," त्यांच्या पत्नी इंदूकाकू म्हणाल्या. "मोठं कशाला करायचंय?"

"उद्या किल्ल्याच्या तटाएवढी छापायची वेळ आली तर?"

अशी वेळ येणार नाही हे काकूंना सिद्ध करता आलं नाही. समिती नेमली गेली. अध्यक्ष काका, सचिव मी, म्हणजे शेजारी.

काकांची सून शाल्मली पोटापाण्यासाठी हेच काम करते. बाळंतिणीच्या खाटेवरून ती म्हणाली, "बाबा, अर्ध्या तासात करून देते. कशातही." तिचा प्रस्ताव फेटाळावा लागला. बालिका तिचीच असल्याने तिचे हितसंबंध गुंतले होते. शिवाय 'कशातही' हा शब्द म्हणजे समितीच्या अस्तित्वावरच घाला होता.

चित्र काढायच्या सॉफ्टवेअरचे उमेदवार तीन. कोरल, कारण बडा बाजारातले छापखानेवाले त्यातच लहानाचे मोठे झाले. इलस्ट्रेटर, कारण काकांचा पुण्याचा भाचा ते नाव घेताना सरसावून बसतो. आणि इंकस्केप, कारण ते फुकट आहे (फुकट वस्तूची निविदा कशी मागवावी, यावर दोन बैठका खर्ची पडल्या). तिन्हींत एकच पाळणा काढून पाहिला. तिन्ही पाळणे हुबेहूब सारखे निघाले, त्यामुळे मतभेद फार तीव्र झाले.

मग आम्ही बडा बाजारात रघुनाथजींच्या छापखान्यात तज्ज्ञ मत घ्यायला गेलो. हातातली शाई पुसत ते म्हणाले, "बाबूजी, हमाए इतै सब छप जात. पीडीएफ ले आओ, बस." काकांनी पीडीएफची चौथा उमेदवार म्हणून नोंद करून घेतली.

एकूण सतरा बैठका झाल्या. सहाव्या बैठकीत बालिका पालथी पडली, चौदाव्यात तिला दात आला. (दोन्ही घटना इतिवृत्तात 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली आहेत.) बाराव्या दिवसाचं बारसं कधीच टळून गेलं होतं. इतिवृत्तात ती 'सदर बालिका' होती, दूधवाल्याची 'बिन्नू', आणि लसीच्या कार्डावर 'बेबी'.

एके दिवशी शाल्मली बाळाला लस टोचून घेऊन आली आणि चपलाही न काढता पायरीवरच बसली.

"नर्सनं 'बेबी' म्हणून हाक मारली," ती म्हणाली. "अकरा जणी उठल्या, बाबा. अकरा." आणि रडायला लागली.

काकांनी आकडा लिहून घेतला. काकू काही बोलल्या नाहीत. काकू बोलत नाहीत तेव्हा समितीने सावध व्हायला हवं होतं. पण तसा नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी बसनं बरुआसागरला गेलो. तिथे एक गृहस्थ चारही गोष्टी वापरतात असं कळलं होतं. (ते वापरत होते, मात्र त्यांचं कोणतंच काम पूर्ण झालेलं नव्हतं, म्हणून आमचं त्यांच्याशी फार जमलं.) संध्याकाळी परतलो, तर घरात बायकांची गर्दी, पाळण्याला मोगऱ्याच्या माळा आणि ताटात घुगऱ्या.

"बारसं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"पण पत्रिका?"

"फोन केले सगळ्यांना."

काकांनी दारातच इतिवृत्ताची वही उघडली. मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला, "आणि नाव... ते कशात सेव्ह केलंत?"

"कानात," काकू म्हणाल्या.

शाल्मलीनं सासऱ्यांच्या कानात नाव सांगितलं. काका पाळण्यावर वाकले आणि करारातलं कलम वाचावं तसं त्यांनी ते उच्चारलं. पोरगी त्यांच्याकडे बघून एका दातानं हसली. काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यांचा आवाज फुटला, आणि त्या हाकेला कुठलंही कलम नव्हतं.

समितीचा अहवाल आता तयार आहे. लोक दुरून दुरून विचारतात, शेवटी कोणतं निवडलंत? आपणही इथवर त्याचसाठी वाचत आलात. मुलीचं नाव काय ठेवलं, हे आपण एकदाही विचारलं नाहीत. त्यामुळे अठराव्या बैठकीसाठी आपली सदस्य म्हणून एकमताने निवड करण्यात आली आहे.