वीणेचा पहारा आणि खालचा नट

या, असे जरा पुढे सरकून बसा. तिकडे खांबाला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. करंजवाडीच्या सप्ताहातली वीणा ट्रॅक्टरला प्रदक्षिणा घालून आली, ती कशी, एवढंच सांगायचं आहे. हसू आलं तर खुशाल हसा. शेवटी एक मागणं आहे, तेवढं ऐकून मग उठा.

चैत्रातला सप्ताह होता. उद्या काला, म्हणजे सगळं खोरं जेवायला यायचं, आणि आज सकाळी भिवाजीनं अंगणात ट्रॅक्टरचं तेल सोडलं होतं. ट्रॅक्टर छोटाच. मुळशीतल्या भातखाचरांत मोठं धूड वळत नाही, म्हणून घेतलेला. अशा ट्रॅक्टरात गिअरला आणि मागची लिफ्ट उचलायला तेल एकच लागतं. पावसाळ्यात चिखलणीला त्यात पाणी शिरलं आणि तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला. पुढे लिफ्ट कण्हायला लागली, तरी भिवाजी आज बदलू, उद्या बदलू करत राहिला. काल पाण्याचा टँकर ओढताना चढावर गिअर असा खरखरला की माळकरी माणसाच्या तोंडून भलताच शब्द गेला. तेव्हा मात्र तो पिरंगुटला जाऊन नवा फिल्टर आणि तेलाचा कॅन घेऊन आला.

टँकर वर न्यायचा तर दुसरा ट्रॅक्टर चालण्यासारखा नव्हता. खालच्या विहिरीपासून देवळापर्यंतच्या बोळाला दोन्ही अंगांनी बंगल्यांची कंपाउंडं पडलेली. ज्यांनी जागा विकल्या तेच आता त्यातून आडवे होऊन जातात. मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, भिवाजीचा तेवढा जातो. थोडक्यात, उद्याचा भात भिवाजीच्या ट्रॅक्टरवर शिजायचा होता.

"उद्या गाव जेवायचं, आन आज ह्यांनी ट्रॅक्टरचं पोट फाडलंय," तुळजाबाई, त्याची बायको, सुपातले तांदूळ पाखडत म्हणाली.

"दुपारच्या आत भरून उभा करतो. तू तुजं खडं बघ."

भिवाजीनं तेल सोडायचा खालचा नट काढला. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि त्यावर लोखंडाचा कीस चिकटून बसतो. तो नीट पुसून मगच बसवायचा. तेल घमेल्यात सावकाश गळत होतं, तेवढ्यात हैबतराव येऊन उभे राहिले. हैबतराव म्हणजे सप्ताहाचे कारभारी. रीतीला पक्का माणूस, देव चुकेल पण ते चुकायचे नाहीत.

"भिवाजी, तुजा पहारा लागला. येतोस का वीणा मारुतीच्या खांद्यावर देऊ?"

आता वीणेच्या पहाऱ्याचं सांगितलं पाहिजे. सप्ताहभर वीणा कुणाच्या तरी खांद्यावर असते. ती जमिनीला टेकवायची नाही, देवासमोरचं नाम थांबू द्यायचं नाही, आणि वीणा खांद्यावर असेपर्यंत 'रामकृष्णहरी'शिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. करंजवाडीत आणखी एक बारीक कलम आहे. ज्याच्या नावानं पुढचा पहारा, वीणा त्याच्याच हातात द्यायची. हैबतरावांच्या आज्यापासून ही साखळी कधी तुटलेली नाही.

भिवाजीनं आंघोळ केली, खुंटीवरची बंडी पुन्हा अंगात घातली आणि निघता निघता मेव्हण्याला दम भरला. मेव्हणा म्हणजे जयसिंग, तुळजाबाईचा धाकटा भाऊ, सप्ताहासाठी आलेला. कामाला वाघ, पण त्याला कामापासून लांब ठेवण्यातच सगळ्यांचं भलं, असं भिवाजीचं मत होतं.

"मी येईस्तवर ट्रॅक्टरला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत, दाजी. नुसता बघत बसतो."

भिवाजीनंतर पहारा होता कौस्तुभचा. हा हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो. रात्रपाळीची माणसं घरोघर सोडून दुपारी यायचा होता. दुपार झाली, कौस्तुभ नाही. हैबतरावांनी फोन लावला, आणि ते फोनवर नेहमीच ओरडून बोलत असल्यानं सगळ्या मंडपाला कळलं की कौस्तुभ चौकात अडकलाय, पुढे ट्रेलर आडवा पडलाय आणि मागे बस चिकटल्यात.

"चालत ये," हैबतराव म्हणाले. मग जरा ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला.

भिवाजी काही बोलू शकत नव्हता. वीणेची तार छेडत, डाव्या हातानं चिपळ्या वाजवत तो नाम घेत राहिला. देऊळ टेकाडावर आहे आणि वीणेकऱ्याच्या खांबापासून भिवाजीचं अंगण समोर दिसतं, अगदी कोंबडी मोजता येईल इतकं. त्याला दिसलं की आचाऱ्याचा माणूस अंगणात आला आणि रिकामी पिंपं दाखवून गेला. मग तुळजाबाई भावाला काहीतरी बोलली. ती काय बोलली ते नंतर कळलं. ती म्हणाली होती, "जयश्या, तुजे हात चालत्यात का नुसतं तोंड?" पण जयसिंग बाह्या सारून उठलेला भिवाजीला स्पष्ट दिसला, आणि नामाची चाल एकदम वाढली.

जयसिंगनं जुना फिल्टर फिरवून काढला. इथे एक खोड असते. फिल्टरची रबरी रिंग पुष्कळदा वर ट्रॅक्टरलाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर चढवला की एकावर एक दोन रिंगा होतात आणि तेल झिरपायला लागतं. जयसिंगची पाठ मंडपाकडे होती. त्यानं रिंग काढली की नाही, ते भिवाजीला दिसेना. मग त्यानं चिपळ्यांचा हात वर करून हवेत गोल गोल फिरवायला सुरुवात केली. रिंग, रिंग.

अंगणातून जयसिंगनं ते पाहिलं. "दाजी म्हणत्यात आजून आवळ," असं म्हणून त्यानं फिल्टरला आणखी एक पीळ दिला. भिवाजीनं जोरजोरात मान हलवली. मंडपातल्या बाया मात्र आधीच्या इशाऱ्यावर उठल्या होत्या. वीणेकरी गोल हात फिरवतो म्हणजे फुगडी धरायची, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हतं. पखवाज्यानं लय वाढवली. भिवाजी देवळाबाहेर बोट करू लागला, तर हैबतरावांनी त्याला घोटभर पाणी पाजलं, बुक्का लावला आणि शेजारच्याला सांगितलं, "इतक्या वर्सांत ह्याला असा रंग चढल्याला मी बघितला न्हाई. माणूस आतून भरला."

माणूस आतून भरला होता हे खरं. कारण मान हलवता हलवता त्याच्या छातीवर काहीतरी टणक आपटलं.

बंडीच्या आतल्या खिशात किल्ल्या असतात. पण हे किल्ल्यांपेक्षा जड होतं, आणि किल्ल्या त्याला चिकटून बसल्या होत्या. भिवाजीला सगळं आठवलं. आंघोळीला जाताना नट हरवू नये म्हणून तो त्यानं स्वतःच्या हातानं खिशात टाकला होता. म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाला खाली भोक होतं, त्याचं बूच देवासमोर नाम घेत उभं होतं, आणि समोर जयसिंग नव्या कॅनचं झाकण उघडत होता. तेल केव्हाच गळून संपलं होतं, खाली ठिपका पडत नव्हता. दाजींनी नट लावला असेल, असं कुणालाही वाटलं असतं.

बोलावं तर नियम मोडतो. वीणा द्यावी तर कौस्तुभ चौकात. न बोलावं तर नवं तेल जमिनीत जातं, पिरंगुटहून दुसरं येईस्तोवर रात्र होते आणि उद्या आलेल्या माणसांना कोरडा द्रोण दाखवावा लागतो. भिवाजीनं मारुतीकडे पाहिलं. मारुतीनं काही मनाई केलेली दिसली नाही. वीणा टेकवायची नाही हे खरं, पण ती चालवायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

भिवाजी वळला आणि नाम घेत देवळाच्या पायऱ्या उतरू लागला.

क्षणभर पखवाज थबकला. मग हैबतराव म्हणाले, "दिंडी निघाली, उठा," आणि सगळा मंडप उठला. टाळकरी मागे लागले. कुणी तुळस डोक्यावर घेतली, कुणी पताका उपटली, आचारीसुद्धा झारा घेऊन निघाला. दिंडी नेहमी वेशीकडे जाते. ही उताराला लागली आणि भिवाजीच्या पावलांनी जवळपास धावत सुटली. म्हातारी माणसं धापा टाकत म्हणत होती, आज देवाला घाई दिसते.

अंगणात ट्रॅक्टरखालून दोन पाय बाहेर आलेले होते. जयसिंग उताणा पडून, वर हात करून, भोकात अंगठा घालून बसला होता. थोडं तेल गेलं होतं. बाकीचं त्यानं अडवलं होतं, आणि कोपरापासून काखेपर्यंत तो तेलानं चकाकत होता.

"अक्का, कापूस दे, चिंधी दे, न्हाईतर कणसाचा बुरकुंडा दे," खालून आवाज येत होता. "माज्यानं अंगठा काडवत न्हाई."

समोर भिवाजी उभा. त्याला वीणा सोडता येईना. दोघे मेव्हणे-दाजी एकमेकांकडे बघत राहिले. भिवाजीला जयसिंगच्या मनगटावर काहीतरी काळं दिसलं. ती जुनी रबरी रिंग होती. हरवू नये म्हणून जयसिंगनं ती बांगडीसारखी हातात घातली होती. भिवाजीचा आवाज जरा खाली आला.

मग तो नाम घेत घेत तुळजाबाईसमोर गेला आणि छाती पुढे काढून उभा राहिला. लोकांना वाटलं, हा आता बायकोला बुक्का लावायला सांगतोय. तुळजाबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बंडीकडे पाहिलं. संसारभर तिनं त्या खिशातून धुण्याच्या आधी काय काय काढलं होतं, ते तिलाच ठाऊक. तिनं पदराला हात पुसले आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या खिशात हात घालून नट, किल्ल्यांसकट, बाहेर काढला.

"खिसा न्हवं, भंगारवाल्याचा गाडा हाय," ती म्हणाली, आणि नट पुसून तिनं भावाच्या मोकळ्या हातात दिला.

जयसिंगनं अंगठा काढून नट बसवला, पान्यानं आवळला. उरलेलं तेल भरलं. गेलं त्याच्या जागी शेजारच्या घरातल्या कॅनमधलं त्याच जातीचं ओतलं. ट्रॅक्टर सुरू झाला, लिफ्ट वर गेली आणि वर राहिली. टाळांचा गजर झाला आणि दिंडीनं, आता आलोच आहोत तर, म्हणून ट्रॅक्टरला एक प्रदक्षिणा घातली. बायांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं.

या सगळ्यात हैबतराव एकाएकी उभे राहिले. त्यांनी माणसं न्याहाळली. पखवाजी इथे, टाळकरी इथे, आचारी झाऱ्यासकट इथे.

"देवाम्होरं कोन हाय?" त्यांनी विचारलं.

वीणा चालती होती, पण मंडपात नाम घ्यायला एक माणूस मागे राहिला नव्हता. आज्यापासूनची साखळी, आणि खांबापाशी आज उदबत्तीशिवाय कुणी नाही. हैबतराव मटकन ट्रॅक्टरच्या चाकाला टेकले. भिवाजीचे डोळे भरले. नाम घेत होता म्हणूनच त्याला रडता येईना. मग दिंडी वळली आणि चढ चढू लागली. येताना झाली होती तेवढी घाई आता कुणाला नव्हती.

अर्ध्या चढावर भिवाजीच्या कानावर आवाज आला. आधी त्याला वाटलं आपलाच आहे. पण तो वरून येत होता. एकटा, बसका, बेसूर.

मंडपात, वीणेकऱ्याच्या खांबाला धरून कौस्तुभ उभा होता. अंगावर कंपनीचा पांढरा शर्ट, पाठीला घामाचा पाट. गाडी दुसऱ्याच्या हवाली करून तो गर्दीतून खरंच चालत सुटला होता, मग मिळेल त्या दुचाकीवर बसून आला होता. येऊन बघतो तर मंडप रिकामा, वीणा नाही, माणूस नाही. काय झालं असेल, याचा विचार त्यानं मागे ठेवला. बूट काढले, पाय धुतले आणि रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवत, डोळे मिटून नाम धरलं. उदबत्ती आचाऱ्यानं निघताना लावलेली. ती अजून जळत होती, म्हणजे नामाला फार वेळ खंड पडला नव्हता.

हैबतरावांनी आधी उदबत्तीकडे पाहिलं, मग कौस्तुभकडे. मग पुढे होऊन त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. कौस्तुभनं डोळे उघडले, तेव्हा समोर भिवाजी दोन्ही हातांनी वीणा पुढे करून उभा होता.

"काका, उशीर झाला, माफी करा," कौस्तुभ म्हणाला. ते बोलून झाल्यावरच त्यानं वीणा खांद्यावर घेतली. पोराला नियम ठाऊक होता.

संध्याकाळी टँकर वर आला, रात्री कीर्तन रंगलं, दुसऱ्या दिवशी भाताला पाणी कमी पडलं नाही. सगळ्यांनी भिवाजीचं कौतुक केलं, जयसिंगचा तेलकट अंगठा पोराटोरांनी बघून घेतला. कौस्तुभ जेवायला नव्हता, त्याला पहाटेची पाळी होती.

म्हणून मागणं एवढंच. तुम्ही मंडपात आरामात मांडी घालून नाम ऐकत असाल, तेव्हा त्या चौकात अडकलेल्या कौस्तुभची एकदा आठवण काढा.